साठेखत आणि खरेदीखत : स्टॅनफर्डच्या विश्वस्त मंडळाच्या हातून एक पेटंट-दावा कसा निसटला

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ जून २०११ रोजी रक्तातले एच.आय.व्ही.चे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरील पेटंटांच्या मालकीविषयी निकाल दिला, आणि एका संशोधकाच्या करारांतल्या शब्दांमुळे स्टॅनफर्ड विद्यापीठ तो खटला हरले. त्या खटल्यात वादी होते ‘लेलँड स्टॅनफर्ड ज्युनियर विद्यापीठाचे विश्वस्त मंडळ’ आणि प्रतिवादी होती ‘रोश मॉलिक्युलर सिस्टिम्स’ ही कंपनी. विद्यापीठाऐवजी विश्वस्त मंडळाचे नाव वादी म्हणून का, असा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला पडणे साहजिक आहे. महाराष्ट्रातले सार्वजनिक विद्यापीठ ही स्वतःच अखंड परंपरा आणि सामायिक मुद्रा असलेली निगम संस्था असते, आणि तिची व्यवस्थापन परिषद तिच्या वतीने मालमत्तेचा कारभार पाहते व करार करते. स्टॅनफर्डची घडण वेगळी आहे. तिथे जमीन, इमारती, ठेवी, करारमदार आणि पेटंटे या सगळ्यांचे कायदेशीर धनी विश्वस्त मंडळच असते. त्यामुळे या प्रकरणातली चूक एखाद्या कारकुनाची होती की वकिलाची, हा प्रश्न दुय्यम ठरतो. मिळकत मंडळाची होती आणि तिच्यावरचा हक्क शाबीत करण्याची जबाबदारीही मंडळाचीच होती.

हे मंडळ मिळकत सांभाळण्याच्या बाबतीत मुळीच नवखे नव्हते. लेलँड आणि जेन स्टॅनफर्ड यांचा एकुलता मुलगा १८८४ मध्ये फ्लोरेन्स येथे विषमज्वराने पंधराव्या वर्षी वारला, आणि त्याच्या स्मरणार्थ १८८५ मध्ये त्यांनी जो स्थापना-लेख करून दिला त्यात ८,००० एकरांहून अधिक जमीन विश्वस्तांच्या स्वाधीन केली. ती जमीन विकता येणार नाही, अशी अट त्याच लेखात घातलेली आहे. विकता येत नाही म्हणून मंडळाने ती भाडेपट्ट्याने देण्याची वाट धरली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या जमिनीवर जी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिच्यातला पहिला भाडेकरू व्हेरियन असोसिएट्स होता. पुढे सिलिकॉन व्हॅली म्हणून जे नावारूपाला आले त्याचे एक मूळ या न विकता येणाऱ्या जमिनीत आहे. संशोधनाच्या बाबतीतही मंडळाचा हात बसलेला होता. तंत्रज्ञान परवाने देणारे स्वतंत्र कार्यालय स्टॅनफर्डने १९७० मध्येच सुरू केले होते, आणि कोहेन व बॉयर या शास्त्रज्ञांच्या जनुक-जोडणीच्या पेटंटांतून त्याला आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाला मिळून तब्बल २५ कोटी डॉलरांच्या आसपास उत्पन्न झाले होते. अशा मंडळाला एका अभ्यागताच्या कागदाने चकवले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस एड्सवर औषधे येऊ लागली होती, ए.झेड.टी. या औषधाला मान्यता मिळाली १९८७ मध्ये. औषध दिले तरी ते लागू पडते आहे की नाही हे लवकर कळण्याची चांगली सोय मात्र नव्हती. रुग्णाच्या रक्तात विषाणू किती आहे हे मोजता आले तर ते कळणार होते. आज एड्सवर उपचार करणाऱ्या ए.आर.टी. केंद्रात ‘व्हायरल लोड’ म्हणून जी तपासणी सर्रास होते, तिच्या जन्मकाळची ही गोष्ट आहे. अत्यल्प जनुकीय द्रव्याच्या लक्षावधी प्रती काढणारे पीसीआर हे तंत्र कॅलिफोर्नियातल्या सीटस या छोट्या कंपनीत जन्मले होते. त्याबद्दल कॅरी मुलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एच.आय.व्ही.चे रक्तातले प्रमाण पीसीआरने मोजण्याच्या पद्धतीवर सीटसने १९८५ मध्ये काम सुरू केले, आणि १९८८ मध्ये एड्सवरच्या नव्या औषधांची परिणामकारकता तपासण्यासाठी स्टॅनफर्डच्या संसर्गजन्य रोग विभागाशी तिचे सहकार्य सुरू झाले.

त्याच सुमारास डॉ. मार्क होलोडनी त्या विभागात संशोधन-फेलो म्हणून रुजू झाले. रुजू होताना त्यांनी विद्यापीठाच्या नमुन्यातल्या करारावर सही केली. नोकरीतून निर्माण होणाऱ्या शोधांवरील आपला हक्क, अधिकार व हितसंबंध विद्यापीठाच्या नावे करून ‘देण्याचे कबूल करतो’, असे त्यात लिहिले होते. पीसीआरचा त्यांना फारसा अनुभव नव्हता, म्हणून वरिष्ठांनी त्यांना खाडीपलीकडे एमरीव्हिल येथे सीटसच्या प्रयोगशाळेत काम शिकायला पाठवले. तिथे प्रवेश मिळवण्याची अट म्हणून १९८९ च्या फेब्रुवारीत त्यांना ‘अभ्यागत गोपनीयता करारा’वर सही करावी लागली. या प्रवेशामुळे ज्या कल्पना, शोध आणि सुधारणा आपल्या हातून होतील त्यांच्यावरील हक्क सीटसला ‘देईन आणि या लेखाद्वारे देत आहे’, असे त्या कागदाचे शब्द होते. पुढचे नऊ महिने ते तिथे जाऊन काम करत राहिले, आणि सीटसच्या लोकांबरोबर त्यांनी रक्तातले एच.आय.व्ही.चे प्रमाण मोजण्याची पीसीआरवर आधारलेली कार्यपद्धती बसवली. मग ते स्टॅनफर्डला परतले, तिथल्या सहकाऱ्यांसह ती पद्धत तपासून पाहिली गेली, विद्यापीठाने संबंधित सर्वांकडून, होलोडनी यांच्याकडूनही, रीतसर हक्क लिहून घेतले आणि १९९२ पासून पेटंटसाठी अर्ज केले. १९९९ ते २००६ या काळात अशी तीन पेटंटे मंजूर झाली.

इकडे १९९१ मध्ये सीटसचा पीसीआरचा सगळा व्यवसाय ३० कोटी डॉलरांना रोशकडे गेला, आणि त्याबरोबर अभ्यागत करारांतून मिळालेले हक्कही गेले. रोशने एच.आय.व्ही. मोजणीचे संच बाजारात आणले आणि ते जगभरच्या रुग्णालयांत वापरले जाऊ लागले. परवान्याच्या वाटाघाटी काही वर्षे चालून फिसकटल्या, आणि २००५ मध्ये विश्वस्त मंडळाने पेटंटभंगाचा दावा लावला. रोशचे उत्तर सरळ होते : तुमच्या एका संशोधकाचा हिस्सा आमच्याकडे आधीच आलेला आहे, म्हणजे या पेटंटांचे आम्ही सहमालक आहोत. अमेरिकेच्या पेटंट कायद्यात सहमालक दुसऱ्याला न विचारता आणि हिशेब न देता शोध वापरू शकतो, आणि सर्व सहमालक वादी म्हणून एकत्र आल्याशिवाय पेटंटभंगाचा दावाही सामान्यतः चालत नाही. रोशचे म्हणणे टिकले तर मंडळाचा दावा दारातच अडणार होता.

या खटल्यातला सगळा पेच ‘देण्याचे कबूल करतो’ आणि ‘या लेखाद्वारे देत आहे’ या दोन वाक्प्रयोगांत आहे. ज्याने महाराष्ट्रात सदनिका किंवा शेतजमीन घेतली आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. साठेखत झाले म्हणजे मिळकत नावावर झाली, असे कोणी मानत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ स्पष्टच सांगते की विक्रीच्या करारामुळे, एवढ्यानेच, त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. लिहून देणार पुढे खरेदीखत करून देईल, न दिल्यास कोर्टातून करारपूर्ती करून घेता येईल, इतकाच हक्क साठेखतधारकाकडे असतो. दरम्यान त्याच माणसाने तिसऱ्याला खरेदीखत करून दिले, तर साठेखतधारकाची धावाधाव सुरू होते. फेडरल सर्किट या पेटंटविषयक अपील न्यायालयाने २००९ मध्ये स्टॅनफर्डचा कागद नेमका असा वाचला : विद्यापीठाकडे १९८८ चे वचन होते, सीटसकडे १९८९ चे हस्तांतरण. पुढे होलोडनी यांनी विद्यापीठाला जे रीतसर लिहून दिले, तोवर देण्यासारखे त्यांच्याकडे काही उरलेलेच नव्हते.

उपमा इथवर चालते, पुढे थोडी लंगडते. आपल्या कायद्यात जी जमीन अजून आपली झालेली नाही तिचे खरेदीखत करता येत नाही. केलेच, तर नंतर ती जमीन देणाऱ्याच्या हाती आल्यावर कलम ४३ खाली घेणाऱ्याला काही दाद मिळते. शोधाच्या बाबतीत मात्र अमेरिकी अपील न्यायालयाने १९९१ च्या फिल्मटेक खटल्यापासून असे धरले आहे की जो शोध अजून लागलेलाच नाही त्याचेही आज हस्तांतरण होऊ शकते, आणि तो लागताक्षणी मालकी आपोआप, दुसऱ्या कागदाशिवाय, घेणाऱ्याकडे सरकते. म्हणजे होलोडनी यांच्या डोक्यात कल्पना आली त्या क्षणीच ती सीटसची झाली. हे तत्त्व मला तरी फार कडक वाटते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रेयर यांनी आपल्या मतभेदाच्या निकालपत्रात याच ठिकाणी बोट ठेवले : फिल्मटेकपूर्वीच्या समजुतीप्रमाणे असे दोन्ही कागद भावी शोधाबाबत केवळ समन्यायाचा हक्क (म्हणजे पूर्ण मालकी नव्हे, तर न्यायालयाकडे वचनपूर्ती मागण्यापुरता हक्क) देत, आणि तसे असते तर आधीचा म्हणून स्टॅनफर्डचा कागद वरचढ ठरला असता. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी बहुमताला साथ देतानाही ही शंका आपल्यालाही वाटते असे नोंदवले. पण करार कसा वाचावा हा प्रश्न त्या न्यायालयापुढे मांडलेलाच नव्हता, त्यामुळे त्याला कोणी हात लावला नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे मंडळाने वेगळाच आधार घेतला होता. संशोधनाचा काही खर्च राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानातून झाला होता, आणि म्हणून १९८० चा बे-डोल कायदा लागू होता. सिनेटर बर्च बे आणि बॉब डोल यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा येण्यापूर्वी सरकारी पैशातून लागलेले शोध बहुतेक सरकारकडेच पडून राहत. नव्या कायद्याने विद्यापीठांना अशा शोधांची मालकी ‘राखून ठेवण्याचा’ पर्याय दिला. मंडळाचे म्हणणे असे की या कायद्यामुळे शोधाची मालकी थेट विद्यापीठाकडे येते, संशोधकाच्या हातात ती मुळी जातच नाही. मग त्याने सीटसला काय लिहून दिले याला महत्त्व उरत नाही. जिल्हा न्यायालयाने हे मानले होते, आणि केंद्र सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात मंडळाची बाजू उचलून धरली होती.

सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने ते नाकारले. शोध हा शोधकाचा, हे अमेरिकी कायद्याचे गृहीत १७९० पासून चालत आले आहे आणि ते बाजूला सारायचे असेल तर संसदेने तसे स्वच्छ शब्दांत म्हणायला हवे. अणुऊर्जा किंवा अवकाश संशोधनाच्या काही कायद्यांत तिने तसे म्हटलेही आहे. तिथे मालकी सरकारकडे निहित होते असे थेट लिहिलेले आहे. बे-डोलमध्ये तशी भाषा नाही. त्या कायद्यातला ‘राखून ठेवणे’ हा शब्द तर मंडळाच्या विरोधातच गेला, कारण जे हाती आहे तेच माणूस राखून ठेवू शकतो. ‘कंत्राटदाराचा (म्हणजे सरकारी निधी घेणाऱ्या संस्थेचा, इथे विद्यापीठाचा) शोध’ या शब्दांतल्या षष्ठीचाही असाच कीस काढण्यात आला : कंत्राटदाराच्या नोकराने लावलेला शोध म्हणजे कंत्राटदाराचा शोध, की कंत्राटदाराच्या मालकीचा झालेला शोध? न्यायालयाने दुसरा अर्थ घेतला. मंडळाचा अर्थ मान्य केला तर सरकारचा एक डॉलर जरी एखाद्या शोधात लागला तरी संशोधकाचा हक्क विद्यापीठाकडे जाईल, ही त्यांची हरकत मला बिनतोड वाटते. शिवाय, कायद्यानेच सगळे आपोआप मिळत असते तर स्टॅनफर्डसकट सगळी विद्यापीठे नोकरांकडून हक्क लिहून कशाला घेत होती?

आता मूळ कागदाकडे परत यायला हवे. ‘देण्याचे कबूल करतो’ ही भाषा ढिलाईने आली होती, असा समज सहज होतो, आणि निकालानंतरच्या चर्चेत तो बराच पसरला. कागदपत्रे पाहिली तर वेगळे दिसते. उद्योगांपेक्षा आणि इतर अनेक विद्यापीठांपेक्षा स्टॅनफर्डचे शोधविषयक धोरण निराळे असून शक्य तिथे सर्व हक्क संशोधकाकडेच राहू देते, असे विद्यापीठाच्या प्रशासकीय मार्गदर्शिकेत तेव्हा लिहिलेले होते, आणि अपील न्यायालयाने ते उद्धृतही केले. हक्क संशोधकाकडे राहू द्यायचे असतील तर आजच सगळे लिहून घेणे विसंगत ठरले असते. गरज पडेल तेव्हा देईन, एवढे वचन त्या उदार धोरणाला पुरेसे आणि शोभणारे होते. म्हणजे करारातले क्रियापद धोरणाशी इमानी होते. अडचण अशी की उदार धोरण संशोधकाकडे हक्क ठेवते, आणि ज्याच्याकडे हक्क असतो तो तो दुसऱ्यालाही देऊ शकतो. मोकळे ठेवलेल्या दाराने कोण कोण जाऊ शकते याचा विचार मंडळाने केलेला दिसत नाही. जमिनीच्या बाबतीत संस्थापकांनी तो विचार आधीच करून ठेवला होता.

दुसरी गोष्ट सही कोणी केली याची. बाहेरच्या कंपनीशी विद्यापीठाचा करार व्हायचा असेल तर तो ठरलेल्या कार्यालयातून जातो, तिथे माणसे तो वाचतात आणि मंडळाने अधिकार दिलेली व्यक्तीच सही करते. अभ्यागताचा कागद मात्र या वाटेने जात नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीच्या फाटकावर हा प्रसंग आजही रोज घडतो : सुरक्षारक्षक नोंदवही किंवा टॅब्लेट पुढे सरकवतो, मागे दोन माणसे खोळंबलेली असतात, गळ्यात अडकवायचा पास सही केल्याशिवाय मिळणार नसतो, आणि आत ज्याला भेटायचे तो फोनवर ‘आलात का’ म्हणून विचारत असतो. अशा वेळी तिसऱ्या पानावरचे क्रियापद कोण वाचतो? होलोडनी यांच्याबाबत नेमके काय घडले हे निकालपत्र सांगत नाही, एवढेच सांगते की प्रवेशाची अट म्हणून त्यांनी सही केली. ती सही त्यांनी स्वतःच्या नावाने केली होती, विद्यापीठाच्या नव्हे. आणि हक्क अजून त्यांच्याच हाती असल्यामुळे तेवढी पुरेशी ठरली.

सीटसला खलनायक ठरवायचे कारण नाही. तंत्र त्यांचे होते, प्रयोगशाळा त्यांची होती, नऊ महिने त्यांची माणसे बरोबर राबली होती. बाहेरच्या माणसाला घरात घेऊन सगळे शिकवायचे आणि त्यातून निघालेल्या शोधासाठी उद्या त्याच्याच संस्थेला पैसे मोजायचे, हे कोणत्या कंपनीने मान्य केले असते? त्यांनी आपल्या दाराशी जो कागद ठेवला तो आपल्या हिताचा होता आणि नीट लिहिलेला होता.

मंडळाने आणखी एक बचाव केला होता, तो आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम २६१ प्रमाणे, आधीच्या हस्तांतरणाची ठरावीक मुदतीत नोंद झाली नसेल आणि नंतर घेणाऱ्याला त्याची खबर नसेल, तर मोबदला देऊन घेणाऱ्या नंतरच्या माणसाला संरक्षण मिळते. आम्ही असे प्रामाणिक खरेदीदार आहोत, असे मंडळ म्हणाले. अपील न्यायालयाने ते ऐकले नाही. ज्याने सीटसला लिहून दिले तो तुमचाच माणूस होता, त्याला तिथे पाठवलेत तुम्हीच, तेव्हा तुम्हाला खबर होती किंवा चौकशी करायला पुरेसे कारण तरी होते. जमीन घेताना वकील दुय्यम निबंधकाकडे मागची तीस वर्षे चाळून शोध अहवाल देतो. पेटंटचा अर्ज लिहिण्यापूर्वी ‘त्या नऊ महिन्यांत तिकडे कशावर सही केली होती का’ हा एक प्रश्न विचारणे त्याहून पुष्कळ स्वस्त पडले असते.

रोशलाही सगळे मिळाले नाही, ही या प्रकरणातली गंमत. आपण मालक आहोत असे जाहीर करून मागणारा तिचा प्रतिदावा कॅलिफोर्नियाच्या मुदत कायद्याने बाद झाला. पण बचाव म्हणून मालकीचा मुद्दा मांडायला मुदतीची आडकाठी नव्हती. म्हणून रोशला मालक ठरवणारा हुकूम झाला नाही आणि मंडळाला दावा चालवता आला नाही, अशी त्रिशंकू अवस्था राहिली. जिल्हा न्यायालयाने मधल्या काळात या पेटंटांतले शोध जाणकाराला सहज सुचण्याजोगे, म्हणून पेटंटे अवैध, असेही ठरवले होते. दावा करण्याचा अधिकारच नाही म्हटल्यावर तो निर्णयही रद्दबातल झाला. मोजणीचे संच विकले जातच राहिले.

निकालानंतर अमेरिकी विद्यापीठांच्या कार्यालयांत एका क्रियापदासाठी धावपळ उडाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०११ च्या अखेरीस आपल्या विद्यमान कर्मचाऱ्यांकडून पेटंट-कबुलीला दुरुस्ती लिहून घ्यायला सुरुवात केली, जिच्यात ‘या लेखाद्वारे देत आहे’ असा वर्तमानकाळ होता. स्टॅनफर्डनेही आपल्या नमुन्यातली भाषा बदलली. २०१८ मध्ये बे-डोलच्या नियमांतही भर पडली आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेने आपल्या संशोधकांकडून हक्क लेखी हस्तांतरित करून घेणे तिच्या जबाबदारीत आले.

भारतात याच धर्तीवर सार्वजनिक निधीतून निर्माण होणाऱ्या बौद्धिक संपदेविषयीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये मागे घेतले गेले. पेटंट अधिनियम, १९७० मध्ये नोकराचा शोध आपोआप मालकाचा होतो असे कलम नाही; अर्ज करण्याचा अधिकार खऱ्या व प्रथम शोधकाला किंवा त्याने ज्याच्या नावे हक्क करून दिला त्याला आहे, आणि कलम ६८ प्रमाणे असे हस्तांतरण लेखीच असावे लागते. म्हणजे पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या विद्यापीठाने आपला संशोधक सहा महिन्यांसाठी कंपनीत पाठवला, तर प्रश्न पुन्हा त्या दोन कागदांशीच येऊन थांबतो : नेमणुकीच्या वेळी विद्यापीठाने काय लिहून घेतले आणि कंपनीच्या फाटकावर त्याने काय लिहून दिले. पहिला कागद व्यवस्थापन परिषदेच्या हातात आहे. दुसरा तिच्यापुढे कधी येतच नाही, तो संशोधकाच्या पाकिटात घडी होऊन पडलेला असतो.